तेल प्यालेला कोबा

चार दिवस खरवडूनही कोबा काळा तो काळाच होता. शार्शेनने हातातली पत्र्याची पट्टी खाली ठेवली, भिंतीचा आधार घेतला आणि उठायला गेला, तर दोन्ही गुडघे एकदम वाजले. तो तसाच अर्धवट वाकलेला थांबला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चार चार दिवस जमिनीवर रांगू नये, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

गॅरेज त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं. आत-बाशी गावच्या बाजाराकडून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, घराच्या आवारातच. पस्तीस वर्षं त्या कोब्यावर गावच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि जाताना प्रत्येक गाडी आपलं काहीतरी ठेवून गेली. दाराशी पसरलेला पातळ डाग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या जीपचा. कोपऱ्यातले ठिपके शाळेच्या बसचे. आणि मधोमध, गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या कडेला, घोड्याच्या कातड्याएवढा पसरलेला डाग होता तो मामिरच्या ट्रकचा. त्या ट्रकचं इंजिन इथे सबंध हिवाळा उघडं पडलं होतं.

आता गाड्या येत नव्हत्या. शार्शेनचे हात थरथरायला लागले, नटावर पाना बसेना, तेव्हापासून गॅरेज रिकामंच होतं. आणि सहा वर्षांनी मॉस्कोहून आलेली त्याची मुलगी अनिपा त्या रिकाम्या गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "आके, एवढी जागा मला स्वच्छ करून द्या. मी परत जात नाही."

लहानपणापासून ती बापाला आके म्हणायची. सहा वर्षं तिने तिकडे फरश्या पुसल्या होत्या. मोठ्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, जमिनीखालच्या गाडीतळांच्या. नवरा तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. आई गेली तेव्हा ती येऊन पोचली तोवर माती होऊन तीन दिवस झाले होते. या उन्हाळ्यात ती आली आणि महिनाभर नुसती झोपली. मग एके दिवशी तिने आईच्या लोकर झोडायच्या काठ्या माळ्यावरून खाली काढल्या. नमदे करायचे म्हणाली, लोकर दाबून केलेले जाड गालिचे. गल्लीतली सालकिन आपा आणि शेजारच्या दोघी बायका तिच्याबरोबर बसायला तयार झाल्या. पण नमद्याला कडकडीत पाणी लागतं, लोळवायला ऐसपैस जमीन लागते, आणि ऑक्टोबर लागला की अंगणात ओतलेलं पाणी तिथल्या तिथे गोठतं. घर म्हणजे दोन खोल्या. उरलं गॅरेज. छप्पर असलेलं, शेगडी असलेलं, आणि तेलाने माखलेलं.

तिची निळी बॅग मात्र अजून घराच्या उंबऱ्याशी भरलेलीच होती. मॉस्कोच्या मुकादम बाईने फोनवर बजावलं होतं, पंधरा तारखेला हजर झालीस तर जागा तुझी, नाहीतर मी दुसरी घेते. चौदाला सकाळी तिला न्यायला गाडी दाराशी येणार होती. आज आठ तारीख.

शार्शेनने लेकीला एकच अट घातली होती. "कोबा मी साफ करणार. तू फडक्याला हात लावायचा नाहीस. फार फरश्या धुतल्यास. या घरात आता नाही."

"बरं," एवढंच ती म्हणाली होती.

"काय रे शार्शेन, नमाज पढतोयस की दात पडलेत तुझे खाली?"

दारात मामिर उभा होता. तोच ट्रकवाला. ट्रक केव्हाच भंगारात गेला, मामिर राहिला. रोज या वेळेला तो यायचा आणि भिंतीशी पडलेल्या जुन्या टायरवर बसायचा.

"तुझी घाण काढतोय," शार्शेन म्हणाला.

"तो माझा डाग? अरे, मग त्यावर माझं नाव तरी लिहायचंस. गावात दुसरं कुठे लिहिलेलं नाही."

"नाव कशाला लिहू? तुलाच पालथा पाडून घासला असता तर एव्हाना निघाला असता."

मामिर खदाखदा हसला. मग वाकून बोटाने डाग चाचपला. "पेट्रोल टाकलंस का?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग काय! डाग पातळ झाला आणि दुप्पट पसरला. वर होतं तेही आत जिरलं."

"असं कसं? जन्मभर हात पेट्रोलनेच धुतलेस की. लख्ख निघायचे."

"हात पुसून टाकता येतात. कोबा पितो." शार्शेनला हे चार दिवसांपूर्वी कळायला हवं होतं. जन्मभराच्या सवयीने त्याने डबा उचलला होता आणि ओतला होता. त्यानंतर भुसा टाकून झाला, शेगडीची राख टाकून झाली, सोडा आणि कपडे धुवायची पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासून झालं. दर वेळी काळं पाणी निघायचं, आणि कोबा वाळला की डाग परत वर येऊन बसायचा.

"जाईना का ती," मामिर जरा वेळाने म्हणाला. "सगळ्यांचीच जातात. माझे दोघेही तिकडेच आहेत. फोन करतात."

"म्हणूनच तू रोज येऊन माझ्या टायरवर बसतोस."

मामिरने नजर डागाकडे वळवली. आपलं बोलणं त्याला लागलं हे शार्शेनला कळलं, पण शब्द मागे घ्यायलाही अंगात त्राण हवं. मामिरनेच मग उठून बाह्या वर केल्या. "दे तो दुसरा ब्रश. माझा आहे ना डाग? मग कड तरी मी घासतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी घासलं. शेवटी शार्शेनने धुतलेलं पांढरं फडकं घेऊन कोबा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. फडकं पांढरं राहिलं. डागांच्या जागा अजून सावलीसारख्या दिसत होत्या, पण हाताला काही लागत नव्हतं. त्याने फडकं उन्हाकडे धरून दोनदा पाहिलं.

अनिपा चहा घेऊन आली आणि सांगितल्याप्रमाणे उंबऱ्यावरच थांबली. तिची नजर कोब्यावरून फिरली. घरात शिरलेल्या सुईणीची नजर पहिल्यांदा बाळंतिणीकडे जाते, तशी तिची कुठेही गेली तरी आधी जमिनीकडे जायची.

"झाला," शार्शेन म्हणाला. "हे बघ फडकं."

"आके, जरा थेंबभर पाणी…"

"तू आत यायचं नाहीस. झाला म्हणालो ना?"

 सहा वर्षं मुकादमाचं ऐकून घ्यायची सवय लागली होती, की बापाचा उतरलेला चेहरा पाहून ती थांबली, कोण जाणे. चहाची वाटी उंबऱ्यावर ठेवून ती परत गेली.

दहा तारखेला सकाळीच सालकिन आपा आली. अंगापिंडाने मजबूत, साठीची बाई. बरोबर शेजारच्या दोघी आणि पांढऱ्या लोकरीचं गाठोडं. शरद ऋतूतली कातरण, कोकरांची, दुधाच्या सायीसारखी. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि नवरीला बसायला पांढरा नमदा हवा होता. तो चांगला उतरला तर पुढचे दोन ठरलेच होते, हिवाळाभर काम झालं असतं.

"शार्शेन, गॅरेज धुतलंस म्हणे," आपा आत येत म्हणाली. "तुझी बायको बिचारी वीस वर्षं सांगत होती. तिचं ऐकायला तुला ती जायला लागली होय?"

"तिने नुसतं सांगितलं. लेकीने बॅग भरून दाखवली."

बायका हसल्या. गवती काड्यांची लांबरुंद चटई अंथरली, तिच्यावर लोकर थरावर थर पसरली. शेगडीवरची किटली उतरवून अनिपाने उकळतं पाणी शिंपडलं, गॅरेजभर मेंढ्यांचा वास घमघमला. मग चटई लोकरीसकट घट्ट गुंडाळली, दोर आवळले, आणि बायकांनी ओळीने उभं राहून ते ओंडक्यासारखं गुंडाळं लाथांनी लोळवायला सुरुवात केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत.

मामिर नेहमीसारखा दारात उगवला, आणि आत काय चाललंय ते बघून लगेच मागे वळला.

"कुठे निघालास?" आपा ओरडली. "नमदा लोळत असताना आलेला माणूस लाथ घातल्याशिवाय जात नाही. तुझ्या आजाने घातली, बापाने घातली. ये!"

"आपा, माझी कंबर…"

"कंबर नाही मागितली, पाय मागितला!"

मामिरने लाथ घातली. मग दुसरी. मग तासभर तोही रांगेत उभा राहिला. शार्शेन शेगडीत लाकडं सारत होता आणि लेकीकडे बघत होता. तिच्या गालावर रंग चढला होता. आल्यापासून पहिल्यांदाच ती कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्याने हसली.

दोर सोडले, चटई उलगडली. लोकर आता एकजीव झाली होती, पण अजून भुसभुशीत. तिला पक्की करायला चटईतून काढून उघडी जमिनीवर घेतात, पुन्हा कढत पाणी आणि साबण घालतात, आणि बायका गुडघ्यांवर बसून कोपरापासूनच्या हातांनी दाबत दाबत ती लोळवतात. तसं केलं. पाण्याची वाफ निघत राहिली. तास गेला. मग आपा म्हणाली, "उलटा."

चौघींनी चार कोपरे धरून नमदा उलटा केला.

 नमद्याच्या मधोमध घोड्याच्या कातड्याएवढा तपकिरी डाग होता, आणि कडेला, दाराच्या बाजूला, दुसरा पातळ. जमिनीने आपला सगळा हिशेब पांढऱ्या लोकरीवर उतरवून दिला होता.

"थंड पाण्याला नाही आलं वर," शार्शेन कसाबसा म्हणाला. "फडकं पांढरं निघालं होतं."

"फडक्याने वरचं कळतं, आके," अनिपा हळूच म्हणाली. "थेंब टाकून बघायचा होता. थेंब मोत्यासारखा गोळा होऊन बसला तर आत तेल आहे. जिरला तर जमीन मोकळी. गाडीतळावर आम्ही असंच बघायचो."

तेच सांगायला ती काल उंबऱ्यावर उभी होती. शार्शेनने मान खाली घातली.

सालकिन आपाने हात पुसले. "नवरी यावर बसली तर सासू म्हणेल, ट्रकखालून ओढून काढलीय पोरगी." कुणी हसलं नाही, तशी तीही गंभीर झाली. "माझ्याकडे अजून एका नमद्यापुरती पांढरी लोकर आहे. तेवढीच. ती मी या जमिनीवर नाही टाकू शकत, अनिपा. रागावू नकोस."

"नाही रागावत, आपा."

बायका गेल्या. मामिरही गेला. अनिपा घरात गेली. थोड्या वेळाने शार्शेनला तिच्या बॅगची चेन ओढल्याचा आवाज आला. उघडली की लावली, ते काही त्याला कळलं नाही.

तो टायरवर बसून राहिला. त्याला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. फक्त पाठ दुखत होती, आणि चौदा तारखेनंतर या टायरवर आपण आणि मामिर आळीपाळीने बसणार, एवढं डोळ्यांसमोर दिसत होतं. समोर ओला कोबा हळूहळू वाळत होता. जिथे नमदा लोळला होता तिथला भाग बाकीच्यापेक्षा फिका दिसत होता. आधी त्याला वाटलं डोळे थकलेत. मग त्याने किटलीतल्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब त्या फिक्या जागेवर सोडला. थेंब थोडा वेळ उभा राहिला, मग पसरला, आणि अर्धाअधिक जिरला. दुसरा थेंब त्याने बाजूला, नमद्याखाली न आलेल्या डागावर टाकला. तो मोत्यासारखा तसाच बसून राहिला.

"अनिपा!" त्याने हाक मारली. "अनिपा, इकडे ये!"

ती आली. अंगात प्रवासाचा कोट होता. कदाचित नुसता घालून बघितला असेल.

"आके, मी थकलेय. उद्या बोलू."

"मीही थकलोय. हे बघ आणि मग झोप." त्याने पुन्हा दोन थेंब टाकले. "पेट्रोलने गेलं नाही, सोड्याने गेलं नाही. तुमच्या लोकरीने एका दिवसात अर्धं ओढून काढलं. तुझ्या आईची पोती आहेत ना मागे? पायाकडची, पोटाकडची लोकर, गाठीगाठीची, जी ती फेकू द्यायची नाही?"

"कसर लागलीय त्यांना."

"लागू दे. त्या लोकरीचा नमदा कुणाला घालायचाय? नुसती लोळवायची. कढत पाणी, साबण, आणि लोकर."

अनिपा थेंबांकडे बघत राहिली. मग तिने कोट काढून खिळ्याला अडकवला, आत आली आणि गुडघ्यांवर बसून तळहात कोब्यावर टेकवला.

"उठ!" शार्शेन ओरडला. "काय ठरलं होतं? तू फरशी धुणार नाहीस!"

"फरशी कुठे धुतेय?" ती वर न बघता म्हणाली. "नमदा करतेय. किटली ठेवा."

पुढचे तीन दिवस बाप-लेकीने वाईट लोकरीचे वाईट नमदे केले. पहिला डांबरासारखा काळा निघाला. दुसरा तपकिरी, तिसरा शिळ्या चहासारखा. दर नमद्याला अर्धा दिवस, आणि दर वेळी तीच लोळवालोळव, तीच कोपरं, तेच गुडघे. जेवताना दोघांना घास उचलायचा कंटाळा यायचा. बोलणं म्हणजे "पाणी", "साबण", "धरा तिकडून". मामिर येऊन लाकडं फोडून द्यायचा आणि आपल्या डागाची विचारपूस करायचा, आजारी नातेवाइकाची करावी तशी. चौथा नमदा उलटला तेव्हा तो आजीच्या दातांसारखा फक्त पिवळसर होता.

तो चौथा नमदा काखेत मारून शार्शेन स्वतः सालकिन आपाच्या दारात गेला. कुणाच्या दारात काही मागायला तो आयुष्यात गेला नव्हता. त्याने काही मागितलंही नाही. नमदा उलगडून दाखवला आणि उभा राहिला.

आपाने नमदा नाकाला लावला. "लेक राहतेय का?"

"बॅग अजून भरलेली आहे."

आपाने त्याच्या सुजलेल्या कोपरांकडे पाहिलं. "उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "थेंब मात्र मी टाकणार. तुझ्या फडक्यावर माझा विश्वास नाही."

चौदा तारखेला सकाळी तिने गॅरेजभर फिरून, वाकून वाकून, वीसेक थेंब टाकले. सगळे जिरले. खड्ड्याच्या कडेचा एक मात्र थोडा रेंगाळला. "हा कोण?"

"मी," दारातून मामिर म्हणाला.

आपा त्या थेंबाकडे पाहत राहिली. तिच्या घरी आता दुसरी पांढरी लोकर नव्हती. मग तिने गाठोडं सोडलं.

गुंडाळं या भिंतीपासून त्या भिंतीकडे लोळत असताना बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. अनिपाचा पाय थांबला. शार्शेन शेगडीकडे तोंड करून बसला होता, तो वळला नाही. लाकूड आधीच आत गेलेलं होतं, तरी तो सारत राहिला.

शेवटी ड्रायव्हरच गळ्याला मफलर गुंडाळत दारात आला. "ताई, किती वेळ? पुढे तीन माणसं घ्यायची आहेत. बॅग कुठली, ती निळी का?"

"आधी लाथ घाल," सालकिन आपा म्हणाली.

"आपा, मला उशीर होतोय."

"नमदा लोळतोय, आंधळा आहेस का? आईने काही शिकवलं नाही वाटतं."

ड्रायव्हरने एकदा घड्याळाकडे, एकदा बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याने गुंडाळ्याला चांगली सणसणीत लाथ घातली. "झालं? चला ताई."

अनिपा गुंडाळ्याकडे बघत होती. आत काय निघणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने केसांवरचा रुमाल मागे बांधला.

"तू जा, भाऊ," ती म्हणाली. "माझी जागा दुसऱ्याला दे. हे मध्ये सोडून येता येणार नाही."

"नक्की? नंतर फोन करून बोंबलू नका."

"नक्की."

गाडी गेली. आवाज वळणावर विरेपर्यंत कुणी पाय हलवला नाही. मग आपाने पहिली लाथ घातली आणि गुंडाळं पुन्हा चालू लागलं.

चटई उलगडल्यावर, उघडा नमदा जमिनीवर घ्यायच्या आधी, अनिपा घराच्या उंबऱ्याशी जाऊन बॅग उघडून काहीतरी शोधत बसली. परत आली तेव्हा तिच्या हातात गुडघ्यांना बांधायच्या दोन रबरी गाद्या होत्या, घासून पांढुरक्या झालेल्या. एक तिने बापाच्या पुढ्यात टाकली.

"बांधा. तुमचे गुडघे घरात ऐकू येतात."

"दोन्ही तूच बांध. तुझ्या आहेत."

"एक तुम्हाला, एक मला. दोघांचा एकेक तरी वाचेल."

"पुरुष बसणार आता नमदा दाबायला!" आपा म्हणाली. "बघ मामिर, शीक काही."

शार्शेनने डाव्या गुडघ्याला गादी बांधली, तो जास्त दुखायचा. तो लेकीशेजारी ओळीत बसला, कोपरं टेकली, आणि कढत ओल्या लोकरीवर वजन टाकलं. तास गेला. आपा म्हणाली, "उलटा."

पांढरा होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरा, फक्त एका कोपऱ्याजवळ अंगठ्याएवढा तांबूस ठिपका.

आपा बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. 

"कड दुमडून शिवायचीच असते," ती शेवटी म्हणाली. "आत जाईल. पण पुढच्या नमद्याला हे चालणार नाही, सांगून ठेवते."

"पुढच्याच्या आधी तिथे अजून एक वाईट नमदा काढते," अनिपा म्हणाली.

शार्शेनला उठायचं होतं. त्याने एक हात जमिनीवर टेकवला, जरा जोर केला, आणि तो नाद सोडून तिथेच बसून राहिला. कोबा अजून ऊन होता. अनिपाही उठली नाही.

"चहा कोण ठेवतंय?" मामिरने विचारलं.

दोघांनीही त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग मामिरने स्वतःच किटली उचलली.